घट्ट झाकणाचे डबे
जळक्या कापसाचा वास कुठंही आला, की मला जैनथ गावातलं आमचं गाडीघर आठवतं. माझ्या पहिल्या कारसाठी वडिलांनी घराला लागून पत्र्याची खोली बांधली होती. वायरिंगचं सामान घ्यायला मी वायरमनसोबत आदिलाबादला गेलो. दुकानात त्यानं विचारलं, "थितं कापूस बी ठेवसान का? मंग स्विचचे डबे घट्ट झाकनाचे घ्या." मी म्हणालो, "कापूस काऊन? गाडीच ठेवतो आमी." पाइप त्याच्या मनाचे घेतले, स्विचचे डबे माझ्या मनाचे, साधे, बाजूला भोकं असलेले. दिवाळीनंतर आभाळ भरून आलं, तेव्हा आमच्या शेतातला वेचलेला कापूस अंगणात पडला होता. वडील दबकत म्हणाले, "दोन दिस गाडी बाहेर ठेवतं का?" मी ठेवली. गाडीघरात कापसाचा ढीग स्विचच्या डब्यांच्याही वर गेला. दुसऱ्या सकाळी दाराच्या फटीतून धूर यायला लागला. डब्याच्या भोकात कापूस शिरून ठिणगी पडली होती. मेन बंद करून आम्ही बादल्यांनी पाणी मारत राहिलो. वरचा कापूस भिजायचा, आतला धुमसतच राहायचा. शेवटी वडील म्हणाले, "राहू दे आता." माझ्या आताच्या घरात पार्किंगमधल्या डब्यांना रबरी कडेची झाकणं आहेत. वडील आले की ती एकेक दाबून पाहतात.