रोग फवारणारी मावशी

"लोक झाडांवर औषध फवारतात आणि हिला रोग फवारायचा पगार मिळतो," असं आई आपल्या धाकट्या बहिणीबद्दल येईल त्याला सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या बियाणे केंद्रात मावशी टोमॅटोच्या रोपांवर काळ्या ठिपक्यांच्या रोगाचे जंतू फवारायची आणि कोण तग धरतं ते बघायची. मी तिथेच कारकून होते.

एका रानटी टोमॅटोवर तिचा भारी जीव. फळं बोराएवढी, आंबट ढाण. पण त्याच्या अंगात एक जनुक होतं. जंतू पानात शिरला की ते त्याला ओळखायचं आणि झाड तेवढ्या पेशी स्वतःच मारून टाकायचं. चोरासकट खोलीला कुलूप! ते जनुक मोठ्या, गोड टोमॅटोत आणण्यात मावशीची अख्खी नोकरी गेली. आता निवृत्ती तोंडावर आली होती. साहेबांनी निक्षून सांगितलं होतं, ही शेवटची चाचणी. जमलं तर बियाणं शेतकऱ्यांना, नाहीतर काम बंद.

फवारणीनंतर सगळी रोपं स्वच्छ राहिली. साहेब अभिनंदन करत होते आणि ही बया कोपऱ्यातल्या ट्रेकडे बघत होती. तिथे तिची 'रडकी' होती, म्हणजे हटकून आजारी पडणारी जात, तुलनेसाठी मुद्दाम लावलेली. तीही टवटवीत!

"साहेब, रडकी रडली नाही. म्हणजे जंतूच मेले होते. पंप मी जंतुनाशकाने धुतला, पण नीट विसळला नाही. परत फवारते."

मी तिला बाजूला ओढलं. "अगं, गप्प बस ना! कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं."

"शेतात रोग आल्यावर कुणाकुणाला गप्प बसवशील?"

मला तिचा भयंकर राग आला. हातातोंडाशी आलेला घास कुणी असा घालवतं का?

तिने पुन्हा फवारलं. काही दिवसांनी रडकी काळी पडली, तेव्हा मावशीने चक्क टाळ्या वाजवल्या. मग ती आपल्या रोपांकडे वळली. निम्मी काळवंडली होती; त्यांच्यात ते जनुक उतरलंच नव्हतं. ती एकेक उपटताना तिचे डोळे वाहत होते, पण हात थांबला नाही. उरलेल्या रोपांवर मात्र टाचणीच्या टोकाएवढे सुकलेले ठिपके होते, म्हणजे त्या कुलूपबंद खोल्या; बाकी पान हिरवंगार. तिने माझं ऐकलं असतं, तर या उपटलेल्या रोपांचं बीही शेतात गेलं असतं.

"एवढ्यांचंच बी धरा," साहेब म्हणाले. "काम बंद नको. पुढच्या हंगामात पुन्हा चाचणी."

"पुढच्या हंगामात मी नसेन," असं म्हणत मावशीने पंप माझ्या हातात दिला. मी तो धुतला, आणि नीट विसळला.