नवशाचे तांदूळ

सकुबाईने करोनाची लस घेतली, तेव्हा सिद्धगडाच्या पायथ्याचा तिचा ठाकरपाडा दोन महिने तिच्या मरणाची वाट पाहत होता. ती आशाताई, म्हणून सरकारने तिला सगळ्यांच्या आधी टोचलं. ती काही मेली नाही. उलट तिची भूक वाढली, याची पाड्याने नाइलाजाने दखल घेतली.

तरी सुईला कोणी तयार होईना. मग तिने सरळ नवशा भगताचे पाय धरले. आजारपण असो की लगीन, नवशाने तांदूळ पाहिल्याशिवाय पाड्यात पान हलत नाही. म्हाताऱ्याने सुपात दाणे टाकले, दमेकरी छाती सावरत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "देव जा म्हनतो. पयला मी."

मेच्या उन्हात बत्तीस माणसं आठ किलोमीटर चालत आरोग्य केंद्रावर गेली, धुवट कपडे घालून, जत्रेला निघाल्यासारखी.

दारात मोटारी उभ्या. शहरात लस मिळेना, म्हणून तिकडची मंडळी मोबाइलवर नंबर लावून इथे आलेली. "हवा काय छान आहे हो तुमच्याकडे!" एक बाई सकुबाईला म्हणाली आणि बाही वर करत आत गेली.

सिस्टर दीपिका अवघडली. "आज फक्त ऑनलाइनवाले. यांची नावं नाहीत गं यादीत."

"पाड्यावर रेंज नाय, ताई. नावं लावू कशी?"

"ते वर सांगायला हवं."

वर म्हणजे कुठे, हे सकुबाईला आशाताईच्या कामाच्या बारा वर्षांत कळलेलं नव्हतं.

परतताना तिला कोणी बोललं नाही. बोलले ते नवशाला. त्याचे तांदूळ खोटे पडले होते. तो धापा टाकत, मान खाली घालून चालला होता. सकुबाईला स्वतःची पत गेली असती तर चाललं असतं, तिने म्हाताऱ्याची घालवली होती.

महिन्याने गाडीच पाड्यावर आली. लस, साहेब, कॅमेरा, सगळं होतं. एकही दार उघडेना. सकुबाई नवशाच्या उंबऱ्याशी बसली.

"बाबा, आज खरंच हाय. सांगा ना सगल्यांना."

"मी येतो गो," नवशा म्हणाला. "पन माजा आता कोन आयकतो?"

तो एकटाच गेला, टोचून घेतलं आणि दंड चोळत घरी आला. साहेबांनी जाताना अहवाल भरला. लस घेणारे : एक. इतरांच्या नकाराचं कारण : भगताचा प्रभाव.

खाली सही सकुबाईची घेतली.