त्यांच्या बाजूची काच

माझ्या नवऱ्याला लकवा मारला तेव्हा त्यांना निवृत्त होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत ते चालू लागले, आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. पण मनातला शब्द तोंडातून निघायला इतका वेळ लागायचा, की समोरचा माणूस तोवर त्यांच्या वतीने बोलून मोकळा व्हायचा. समोरचा माणूस बहुतेक वेळा मीच असायची. मी एकोडीजवळच्या शाळेत शिक्षिका आहे. पोरगं वाचताना अडखळलं की पुढचा शब्द मी सुचवते. तीच सवय मी घरी आणली होती.

त्यांची सगळी नोकरी बस डेपोच्या वर्कशॉपात गेली. पत्रे, दारं, खिडक्यांच्या काचा, हे त्यांचं काम. आमची गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. आधी तेच चालवायचे. त्यांच्या आजारपणात बावन्नाव्या वर्षी मी शिकले आणि आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामासाठी भंडाऱ्याला नेऊ लागले. ते डावीकडे, माझ्या शेजारी बसत. त्या गाडीत त्यांच्या हाती एकच गोष्ट उरली होती, डाव्या दारावरचं काचेचं बटण. हायवेला लागलो की ते काच वर करत, गावातून जाताना खाली करत. त्यासाठी कोणाला विचारावं लागत नव्हतं.

दिवाळीनंतर ती काच जड झाली. आधी हळू चढायची, मग अर्ध्यावर थबकायची. धान मळणीचे दिवस होते. एकदा रस्त्याच्या कडेलाच थ्रेशर चालू होतं आणि सगळा कोंडा वाऱ्यावर आमच्याकडे येत होता. ते बटण दाबून राहिले होते, काच हलत नव्हती. मी माझ्या दारावरच्या बटणाने त्यांची काच ओढून पाहिली. बोटभर चढली आणि अडकली. शेवटी गाडी थांबवून मी उतरले आणि दोन्ही तळव्यांमध्ये धरून काच वर सरकवली. त्यांच्या भुवयांत, मिशांत भुसा अडकला होता. मी पदराने पुसायला गेले तर त्यांनी तोंड फिरवलं.

साकोलीच्या मेकॅनिकने बटण दाबून आवाज ऐकला आणि मोटर गेली म्हणून सांगितलं. पूर्ण सेट नागपूरहून मागवावा लागणार होता. ते गाडीतच बसून काही सांगू पाहत होते. "र... र..." एवढंच येत होतं.

"राहू द्या म्हणतात," मी मेकॅनिकला सांगितलं. "घरी जाऊ म्हणतात."

त्यांनी डावा हात डॅशबोर्डवर आपटला. मला वाटलं, थकले असतील.

तो शब्द दुपारी, जेवण झाल्यावर आला. हात धुता धुता ते म्हणाले, "रबर." मग बऱ्याच वेळाने, "मोटर नाही."

रविवारी सकाळी ते काठी टेकत अंगणातल्या गाडीपाशी गेले. काच ज्या रबरी खाचेतून वरखाली होते, त्या खाचेवर बोट ठेवून माझ्याकडे पाहू लागले. मी रबर बोटाने उघडून पाहिलं. आत काळा चिखल वाळून बसला होता, त्यात कोंड्याचे कण. स्टीलच्या पट्टीला चिंधी गुंडाळून, साबणाच्या पाण्यात बुडवून मी खाच पुसत गेले. चार चिंध्या काळ्या झाल्या. मग शिलाई मशीनचं तेल आणलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तेल नाही," ते म्हणाले. "धूळ... धरते."

त्यांच्या जुन्या पेटीत सिलिकॉनचा फवारा होता, तो मारला. काच पुष्कळ हलकी झाली, पण अर्ध्यावर अजूनही अडखळत होती. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. उघड. मी हँडलमागचे स्क्रू काढले, दाराचं आतलं कव्हर ओढलं. एक प्लास्टिकची खिट्टी तुटली. उघड्या पत्र्यावर डावा तळवा ठेवून त्यांनी डोळे मिटले आणि हनुवटीने खुणावलं, दाब. काच चढू लागली. एका जागी त्यांनी बोट उचललं.

"इथं."

काचेला धरून ठेवणारी उभी पट्टी तिथे कलली होती. खालचा बोल्ट ढिला होऊन जवळजवळ सुटला होता. पट्टी सरळ धरून बोल्ट घट्ट करायला माझे दोन हात पुरेनात. त्यांनी त्यांचा हात दारात घातला. आत काही दिसत नव्हतं. पट्टी त्यांनी रेटली, मी बोल्ट फिरवू लागले. तो आटे धरीना. पुन्हा पुन्हा तिरपा जात होता.

"तुमचा हात दुखत असन, सोडा," मी म्हणाले. "सोमवारी मेकॅनिककडं..."

"थांब."

मी थांबले. ते शब्द शोधत होते. माझ्या तोंडाशी तीन शब्द आले होते, जोरात, दाबून, सोड. मी एकही बोलले नाही. ओट्यावर चिमण्या उतरल्या, उडाल्या, पुन्हा उतरल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"उलटा," ते म्हणाले. "आधी उलटा फिरव."

मी उलटा फिरवला. बोल्ट किंचित खाली बसल्यासारखा झाला. मग सुलटा फिरवला, तर पहिल्या फेऱ्यात आटे धरले. माझ्या तिन्ही शब्दांत तो शब्द नव्हता.

काच वर गेली. नव्या गाडीसारखी नाही, पण न थांबता गेली. ते आपल्या जागेवर बसले आणि त्यांनी ती सात-आठ वेळा वर-खाली केली. मग मी पाहिलं, ते रडत होते. या आजारात रडू लवकर येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि आठ महिने मी प्रत्येक वेळी तेच स्वतःला ऐकवत आले होते. त्या दिवशी ऐकवता आलं नाही. मी गाडीच्या उंबरठ्यावर त्यांच्या पायांशी बसले.

"तू बोलतं," ते म्हणाले. "माह्यं."

मी होय म्हणाले. चुकलं माझं, म्हणाले.

"मले येते." पुन्हा बराच वेळ गेला. "वेळ लागते."

पुढच्या खेपेला भंडाऱ्यात डॉक्टरांनी विचारलं, दुखतं कुठे? सवयीने त्यांनी माझ्याकडेच पाहिलं. मी माझ्या चपलांकडे बघत बसले. बाहेर रांग होती, डॉक्टर पेनाची टोपी काढत होते, लावत होते. खांदा, असं यांनी सांगितलं. मी गुडघा सांगितला असता. कित्येक आठवडे त्यांच्या गुडघ्याला मलम लावत होते मी.

उजवा हात परत आला नाही. आता तो येणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. बोलणं थोडं सुधारलं, लहान वाक्यांपुरतं. माझी घाई मात्र पुरती गेलेली नाही. पाहुणे आले की अजूनही मी मध्येच त्यांचं वाक्य उचलते. तेव्हा ते डावा हात वर करतात, आणि मी पाहुण्यांसमोर गप्प होते. पहिल्यांदा फार ओशाळले होते. आता चहा आणायला उठते, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हावं म्हणून सावकाश आणते.