दम दिसता कामा नये

"बघा की हो सर, भाईर कुणी हाय का?"

सभागृहाच्या दाराला कडी घालून, ती ओढून बघून झाल्यावर बाई हे विचारायच्याच. मी खिडकीतून डोकावायचो. शाळा भरण्याआधी, सकाळच्या वेळी पटांगणात एखादं कुत्रं सोडलं तर कुणी नसायचं. तरी मी "कुणी नाही" म्हटल्याशिवाय बाई पदर खोचायच्या नाहीत.

निपाणीच्या मुलींच्या शाळेत मी संगीत शिकवायचो, त्या कवायत. ऐंशीनंतरची ती वर्षं. तुम्ही त्यांना मैदानावर पाहिलं असतं तर या बाई कशाला भीत असतील असं तुम्हालाही वाटलं नसतं. शिट्टी वाजली की अख्खी शाळा सरळ उभी राहायची. पण घरचं नाव निघालं की त्यांचा आवाज बारीक व्हायचा. वडील लवकर गेले; आई होती, पण वाढवलं थोरल्या भावानं. हा अण्णा संकेश्वरकडे साखर कारखान्यात होता. स्नेहसंमेलनात बाई मुलींबरोबर नाचल्या, तेव्हा घरी गेल्यावर तो एवढंच म्हणाला होता, "पोरींना शिकीव. पर परत स्टेजवर पाय टाकलास तर माझं तोंड बघू नगंस."

त्याच संमेलनाला बेळगावच्या एका नृत्यपथकाचे गुरुजी पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी जाताना बाईंना सांगितलं, "पाय चांगला आहे. पण दुसऱ्या गाण्यालाच तोंड उघडतं. धंद्याचा नाच करायचा तर दम लागला तरी तो दिसता कामा नये. दम वाढवा आणि निवडीला या."

तेव्हापासून आमची तालीम सुरू झाली. मी ढोलकी वाजवायचो. शाळेच्या शिपाईण आक्का दाराशी पाय पसरून बसायच्या. त्यांच्याशिवाय एका मास्तरानं आणि मास्तरणीनं बंद खोलीत थांबणं त्या गावात शक्यच नव्हतं. बाई आधी दोरीवरच्या उड्या मारायच्या, मग नाचायच्या, आणि नाचता नाचता मोठ्यानं पाढे म्हणायच्या. मधे धाप लागून आकडा तुटला की पुन्हा पहिल्यापासून.

"सतरा सक किती गं?" आक्का मुद्दाम विचारायच्या.

"दम लागू दे आक्का, पर दिसू नगं," असं म्हणत बाई घाम पुसायच्या. पुढे पुढे एकोणतीसचा पाढा गिरक्या घेतानाही सरळ येऊ लागला. मात्र बाहेर सायकलची घंटी वाजली की अण्णा आला असं वाटून त्यांचे पाय जागीच थिजायचे. खरं सांगायचं तर माझी बोटंही.

निवडीच्या दिवशी आम्ही तिघं बेळगावच्या गाडीत बसलो. त्या दोघी पुढं, मी मागच्या बाकावर, मांडीवर ढोलकीची पिशवी. संकेश्वरच्या स्टँडवर गाडी थांबली आणि चढणाऱ्या गर्दीत मला अण्णा दिसला. बाईंनाही दिसला. त्यांनी डोक्यावरून पदर ओढला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

गाडीत जागा एकच होती. माझ्या शेजारची.

"सर न्हवं तुम्ही? आमच्या भणीच्या शाळंतलं?"

"होय," मी म्हणालो.

"कुठं निघालाय?"

"बेळगावला. ढोलकी... दुरुस्तीला."

त्यानं पिशवीकडे बघितलं. मग समोर बघत म्हणाला, "नीट हाय न्हवं ती शाळंत? लई भित्री हो. ल्हानपणी आभाळ गरजलं की माझ्या पाठीला चिकटायची."

पुढच्या बाकावरचा पदर हलेनासा झाला होता. बाई श्वास तरी घेत होत्या की नाही कोण जाणे.

हत्तरगीला तो उठला. तिथं त्याचं काही काम होतं. पुढच्या दाराकडे जाताना त्या बाकापाशी क्षणभर थांबला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "सांच्याला लवकर या."

तो उतरला. त्या तीन शब्दांत धमकी होती की काळजी, ते बेळगाव आलं तरी आम्हाला उमगलं नाही.

स्टँडवर उतरल्यावर बाई परतीच्या गाडीकडे वळल्या. "सर, परत जाऊया." मीही हो म्हणणार होतो. पण आक्का कडाडल्या, "आता कळलंय त्याला. नाचलीस तरी बोलणी, न्हाय नाचलीस तरी बोलणी. मग नाचून खा की गं!"

बाई नाचल्या. एकामागून एक गाणी झाली, ओठ मिटलेले, चेहरा शांत. गुरुजींनी मान डोलावली. भीतीनं त्या चेहऱ्यावरचं सगळं आधीच गोठून गेलं होतं, हे फक्त आम्हाला दोघांना माहीत होतं.

संध्याकाळी निपाणीच्या स्टँडवर अण्णा सायकल घेऊन उभा होता. "बस," तो म्हणाला. बाई मुकाट्यानं कॅरियरवर बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मनात नाही नाही ते येऊ लागलं, तसा मी आक्कांना घेऊन त्यांच्या घरी गेलो.

अण्णा दारातच बसला होता. "आत हाय. पाय सुजल्यात. आई शेक देती."

आक्का आत गेल्या, मी पायरीशी थांबलो. तो म्हणाला, "भणीचं पाय वळकत न्हाय व्हय मी? गाडीत चढल्या चढल्या वळकलं. लोक काय म्हणतील ह्याचं भ्या मला अजून हाय सर. पर माझी भण मला बघून तोंड झाकून बसली. आदुगर भ्या वाटलं की माझ्याकडं पळत यायची ती." त्यानं नजर खाली घातली. "म्हटलं, जाऊ दे तिला."

पथकाबरोबर जाण्याच्या दिवशी निपाणीच्या त्याच स्टँडवर बाई गाडीत खिडकीशी बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक. अण्णाला म्हणाल्या, "हात करू नगंस हं. मागं बघितलं तर मी उतरंन."

गाडी निघाली. बाईंनी मान वळवली नाही. अण्णा दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा होता. गाडी वळणाआड गेली, तिचा आवाजही विरला.

"आता चालंल न्हवं सर?" त्यानं विचारलं, आणि रिकाम्या रस्त्याकडे बघून हात केला.