डुलकी लागली की पास

माझे बाबा एकतीस वर्षं झोपण्याचा पगार घेतात. हे मी रागाने म्हणत नाही. गाद्यांच्या कारखान्यात ते मुख्य तपासनीस आहेत. तयार गादीवर आडवं व्हायचं, कूस बदलायची, डोळे मिटायचे. डुलकी लागली की गादी पास. गाठ टोचली की ताडकन उठून चिठ्ठीवर दोष लिहायचा. कारखान्यात त्यांना डुलकीसाहेब म्हणतात आणि त्यांना ते आवडतं.

माल पाठवायच्या खात्यात मी त्यांच्याच हाताखाली आहे, आणि मला बिझनेस स्कूलला जायचं होतं. दोनदा नकार आला होता. वयाच्या अटीमुळे ही खेप शेवटची. अर्जाला वरिष्ठांचं शिफारसपत्र लागतं, म्हणजे बाबांचंच, आणि न तपासलेल्या वस्तूवर बाबा सही करत नाहीत. त्यामुळे दरवर्षी ते सोफ्यावर आडवे व्हायचे आणि मी निबंध वाचून दाखवायची. 'नेतृत्वगुण' आलं की त्यांचा जबडा सैल पडायचा. 'दूरदृष्टी'ला घोरणं सुरू. उठून म्हणायचे, "झकास. कुठेच टोचलं नाही." आणि मी बावळटासारखी खूश होऊन तोच निबंध पाठवायची.

दोन वर्षं वाया गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिथल्या परीक्षकांनाही झोपच लागत असणार.

निबंधाचा विषय होता, तुमच्या हातून झालेली एक चूक. आधी दोन्ही वेळा मी 'मी अति मेहनत करते' असं लिहिलं होतं. यंदा खरं लिहिलं आणि वाचायला घेतलं.

"साहेब तापाने घरी होते. गाडी दारात उभी होती. मी चाळीस गाद्यांवर त्यांचा शिक्का मारला. एकीवरही कोणी झोपून पाहिलं नव्हतं."

बाबा ताडकन उठून बसले.

"कुठल्या गाद्या?"

"एका वसतिगृहाच्या. सात परत आल्या. मी गुपचूप बदलून दिल्या."

"माझ्या शिक्क्याने?"

"हो."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना आईला म्हणायचे, "तिला म्हणावं, मीठ दे." आई मध्ये, मी समोर. मला फार लाज वाटत होती, आणि शिफारसपत्र हातचं गेलं म्हणून रडूही येत होतं.

मुदतीच्या दिवशी सकाळी माझ्या ताटाशेजारी तपासणीची चिठ्ठी होती. 'दोष: एक, मोठा. कोणाच्या लक्षात आला नव्हता, तिने स्वतः दाखवला. मी अजून रागावलेलो आहे. दुरुस्त होण्याजोगी. पाठवावी.' खाली शिक्का. मी ती तशीच अर्जाला जोडली.

महिन्याने पत्र आलं. बाबा सोफ्यावर आडवे झाले. डोळे मिटलेले, पण पायाचा अंगठा हलत होता.

"आपली निवड झाल्याचे कळवण्यास आनंद होतो," मी वाचलं.

अंगठा थांबला. पत्रात वर्गांच्या तारखा येईपर्यंत बाबा मस्त घोरत होते. मी तशीच पुढे वाचत राहिले. "वसतिगृहाच्या खोलीत पलंग व गादी मिळेल."

बाबा ताडकन उठून बसले.

"झोपून कोणी पाहिली आहे?" त्यांनी विचारलं.