धुक्यातला फटका

कल्पना करा, जुलै महिना आहे. बहारीनच्या राजधानीत, मनामात, रस्त्यावरचं डांबर मऊ झालंय, गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसतोय, आणि तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत लोकरीचे मोजे आहेत. एक जाड दार ढकलून तुम्ही आत शिरता. समोर बर्फाचं मैदान आहे, पण ते दिसत नाही. तुमच्याबरोबर दारातून आत आलेली समुद्रावरची दमट हवा बर्फावर पोचते आणि तिथेच तिचं धुकं होतं, कधी गुडघ्याएवढं, कधी गळ्यापर्यंत. पायात स्केट्स आहेत, हातात लांब स्टिक आहे. धुक्याच्या तळाशी कुठेतरी रबराची एक काळी चकती सरकत येते आहे. ती दिसायची वाट बघायची नाही. तिची खरखर ऐकायची, आणि मारायची.

शुभदाने हे चार वर्षं केलं.

ती मूळची मिरजेची. कॉलेजात असताना हॉकी खेळायची, मातीच्या मैदानावर, अनवाणीसुद्धा. लग्न होऊन एकोणऐंशी साली बहारीनला आली तेव्हा हॉकी संपली असंच तिने धरलं होतं. नवरा शैलेंद्र रेफ्रिजरेशन इंजिनीअर. दोन वर्षांनी समुद्राकाठी बर्फाची रिंक झाली आणि तिथल्या थंडीच्या यंत्रांचं काम त्याच्याकडे आलं. जमिनीखालच्या नळ्यांतून गार खारं पाणी फिरतं आणि त्यावर पाणी थराथराने गोठवत नेतात, हे त्याने तिला जेवताना इतक्या वेळा समजावलं की शेवटी ती डबा घेऊन बघायलाच गेली.

त्या दिवशी बायकांची वेळ होती. सलमानिया भागातल्या हॉस्पिटलातल्या काही परदेशी नर्सेस आणि दोन-तीन शिक्षिका बर्फावर हॉकी खेळत होत्या. शुभदा डबा हातात धरून कठड्याशी उभीच राहिली. त्यांची पुढारी डोरीन ही कॅनडाची नर्स, उंच आणि मोठ्या आवाजाची. तिने विचारलं, खेळणार का. शुभदा हो म्हणाली आणि पुढचा महिनाभर पडत राहिली. संध्याकाळी शैलेंद्र आयोडेक्स पुढे सरकवत म्हणायचा, "घरात फ्रीज आहे म्हटलं. बर्फच हवा होता तर ट्रे काढून दिला असता."

पडायची थांबली तरी एक खोड जाईना. चकती पायाशी आली की ती टुणकन उडी मारायची. मातीच्या हॉकीत चेंडूला पाय लागला की फाउल, हे अंगात इतकं मुरलेलं होतं. नर्सेस हसून हसून कठड्याला टेकायच्या. पण त्याच हॉकीने तिला मनगट दिलं होतं. डावा हात वर, उजवा खाली, आणि उजव्या अंगाने बारीक, नेमका फटका. धुकं दाट झालं की दोघी-दोघी चादरीची टोकं धरून रिंकभर गोल फिरायच्या, म्हणजे हवा हलून धुकं फाटायचं. शुभदाने घरच्या जुन्या दोन चादरी त्यासाठीच देऊन टाकल्या होत्या. निळ्या फुलांची चादर धुक्यातून शिडासारखी फुगून जाताना तिला वाटायचं, आपण मिरजेतही नाही आणि बहारीनमध्येही नाही. असं वाटणं तिला आवडायचं.

पंच्याऐंशी साली तिचा गुडघा गेला. कुणाशी टक्कर नाही, काही नाही. वळताना पाय मागे राहिला, एवढंच. डॉक्टरांनी सांगितलं, चालता येईल, जिने चढता येतील, पण हे पुन्हा नाही. ती काही आठवडे रिंककडे फिरकली नाही. मग डोरीन घरी आली, दोन वेळा चहा प्यायली आणि म्हणाली की शाळेतल्या पाचसहा मुली शिकायला येतात, त्यांना तू बघ. शुभदाला ते नको होतं. शिकवायचं म्हणजे कठड्याबाहेर बसायचं. तरी ती गेली, कारण न जाणं त्याहून अवघड होत चाललं होतं.

त्या मुलींत अकीला होती, हुसेनची मुलगी. हुसेन रिंकवर भाड्याने स्केट्स द्यायचा. शेजारच्या मुहर्रक बेटावरचा माणूस, हिंदी छान बोलायचा. अकीला बर्फावरच वाढली होती. ती धावत नव्हती, वाहत होती. शुभदाने तिला पहिल्यांदा नीट पाहिलं आणि तिच्या मनात एक गोष्ट अशी घट्ट बसली की तिने ती शैलेंद्रलाही सांगितली नाही. या पोरीला आपला फटका द्यायचा. मग आपण बाहेर बसलो तरी तो आत राहील.

अकीलाने स्टिक पहिल्यांदा हातात घेतली ती उजवा हात वर, डावा खाली. शुभदाने हसून तिचे हात बदलले. "उल्टा नहीं, बेटा. सीधा पकडो."

त्यानंतर ते रोजचंच झालं. अकीला विसरायची, शुभदा हात बदलून द्यायची. सरळ धरलेल्या स्टिकने अकीलाचा फटका लुळा पडायचा. इतकी सुंदर वाहत यायची आणि चकतीशी आली की एखाद्या पाहुण्यासारखी संकोचायची. शुभदाला वाटायचं, सवय होईल, आपल्यालाही करून घ्यावी लागलीच होती. ती आणखी सराव करून घ्यायची. अकीला मान खाली घालून "यस, मिस" म्हणायची.

एका गुरुवारी हुसेनने शुभदाला बाजूला बोलावलं. स्केट्सची पाती पुसत, तिच्याकडे न बघता म्हणाला की अकीला आता यायचं नाही म्हणते. घरी विचारलं तर सांगत नाही, नुसती रडते. उद्या नर्सेसबरोबर सामना ठरलाय, तेवढा खेळेल. "उसके बाद खलास, बहनजी."

शुभदा घरी आली आणि कांदा चिरायला बसली. आपण काय चुकलो हे तिला कळत नव्हतं. पोरगी गेली तर रिंकवर आपलं काय उरणार, हे मात्र कळत होतं. शैलेंद्र दारात उभा राहून बघत होता. "शुभा, जपून. तुझ्या डाव्या हाताची सुरी बघून मला अजून धडकी भरते," असं नेहमीचं म्हणाला आणि निघून गेला. ती चिरत राहिली.

शुक्रवारी सामना बघायला मुलींच्या घरचे आले होते. दारं सारखी उघडत होती, आणि त्यातच आतली हवा कोरडी ठेवणारा मोठा पंखा बंद पडला. शैलेंद्र पान्हा घेऊन धावला. चादरी फिरवून झाल्या, पण धुकं फाटलं तेवढंच पुन्हा भरून आलं. थोड्या वेळाने बाकावरून शुभदाला नुसती डोकी दिसत होती, पांढऱ्या पाण्यात पोहणाऱ्यांसारखी. मग डोकीही दिसेनाशी झाली. सूचना ओरडायला ती उभी राहिली, पण कुणाला ओरडणार. तिने डोळे मिटले. खेळत असताना जसं ऐकायची तसं ऐकू लागली.

पात्यांची करकर. डोरीनचं ओरडणं. चकतीची खरखर डावीकडून आली आणि तिच्यामागून एक चाल आली, ती शुभदाला कुठेही ओळखू आली असती. अकीला. आता ती चकतीशी पोचेल, संकोचेल.

ती संकोचली नाही. फटका बसला. असा आवाज शुभदाने या रिंकवर ऐकलाच नव्हता. बारीक नाही, नेमका नाही, भरलेला. लगेच गोलच्या खांबावर टण्ण वाजलं.

धुकं जरासं विरळ झालं. अकीला खांबापासून बरीच लांब उभी होती. उजवा हात वर, डावा खाली. कुणी बघत नाही तेवढ्यात तिने हात बदलले होते. शुभदा दिसताच ती दचकली आणि घाईघाईने स्टिक सरळ करू लागली.

शुभदा कठड्यावरून वाकली.

"रहने दो," ती म्हणाली. "वैसे ही रखो."

गोल झालाच नव्हता, आणि सामनाही नर्सेसनीच जिंकला. पण हुसेन काउंटरवरून धावत आला होता आणि मुलीकडे असा बघत होता, जणू आपल्याच घरात त्याला एक नवी खोली सापडली होती. पुढच्या मंगळवारी अकीला सगळ्यांच्या आधी हजर होती.

त्या शुक्रवारी सामन्यानंतर डोरीन शुभदाजवळ बसून बूट सोडत होती. ती म्हणाली, "मला नेहमी वाटायचं, तू सुरी डाव्या हाताने धरतेस, मग खेळतेस उजव्या अंगाने कशी? म्हटलं, तुमची पद्धत असेल."

पद्धतच होती. पाटी-पेन्सिल उजव्या हातात, घास उजव्या हाताने, तीर्थाला डावा पुढे केला की आईची चापट. सुरी तेवढी कुणी बघितली नव्हती. हॉकीच्या मैदानावर तर चापटीचीही गरज पडली नाही. तिथल्या स्टिकला एकच सपाट बाजू असते, मागच्या बाजूने मारलं की फाउल, त्यामुळे सगळे धरायचे ते उजवीकडूनच. शुभदाने ते सरळ मानलं. बर्फावर आली तीही तशीच.

सगळे गेल्यावर तिने कपाटातून एक स्टिक काढली आणि बाकावर आडवी ठेवून पाहिली. भाड्याची साधी लाकडी स्टिक, पातं सरळ. एका बाजूने सपाट, उलटवली तरी सपाट. तिला उलटी बाजूच नव्हती. चार वर्षं ती हातात होती.

शुभदा कठड्याचं दार उघडून चपलांनीच बर्फाच्या कडेला उभी राहिली. गुडघा जपून. उजवा हात वर घेतला, डावा खाली. हात आपोआप बसला, फार दिवसांनी माहेरी आलेली मुलगी स्वयंपाकघरात जाऊन बसते तसा. तिने एक चकती पुढे ठेवली आणि मारली. धुकं अजून होतं. चकती आत गेली, खरखर लांब लांब होत गेली, आणि पलीकडे कशावर आदळली ते नीट ऐकू आलं नाही.

शुभदा पुढे कितीतरी मुलींना शिकवत राहिली. नवी मुलगी आली की स्टिक तिच्या हातात द्यायची नाही, बर्फावर ठेवायची आणि ती कशी उचलते ते बघायचं, अशी तिची रीत पडली. मुली रांगेत उभ्या असताना, धुकं पायाशी घोटाळत असताना, तिची नजर कधी कधी पलीकडच्या कठड्यावर जाऊन थांबायची. पहिल्या दिवशी मलाही कुणी बर्फावरून स्टिक उचलायला लावली असती, तर त्या चार वर्षांत इथे कोण खेळली असती?