दुसरा हात
मशीनच्या तेलाचा वास आला की मला आधी तो अपघात आठवतो आणि मागोमाग बिडकीनमधली पत्र्याची खोली. कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि गावानं माझं नाव टाकून मला थोट्या म्हणायला सुरुवात केली. हात मी कायम खिशात ठेवायचो. एका रविवारी शेजारचे ख्रिस्ती काका मला बिडकीनच्या त्या खोलीत प्रार्थनेला घेऊन गेले. पत्रा तापला होता, पंखा नुसता घरघरत होता आणि माझं सगळं लक्ष दाराकडे होतं. शेवटी सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले. माझा डावा हात काकांनी धरला. उजवीकडे खुरपणीला जाणारी एक म्हातारी उभी होती. ती म्हणाली, “दुसरा दे की, बाबा.” मी म्हणालो, “तो अर्धाच हाय, आज्जी.” “ठावं हाय मला. दे.” तिच्या खरखरीत मुठीत माझी उरलेली बोटं गेली आणि डोळे मिटून ती म्हणाली, “प्रभू, हे तुझं लेकरू हाय.” माझं नाव तिला माहीतही नव्हतं. मी तिथंच सगळ्यांसमोर रडलो. अनोळखी माणसांत आजही माझा जीव कासावीस होतो, पण आपण कोण, असं मनात आलं की आता गावानं दिलेलं उत्तर आठवत नाही, तिचं आठवतं.